गोव्याच्या उकाड्यात बिअर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

क्राफ्ट बिअरवरील लेखानंतर आलेल्या पत्रांतील सात प्रश्न निवडून येथे घेतले आहेत. परवानाधारक बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षे काम केले, म्हणून उत्तरे देण्याचे काम संपादकांनी माझ्याकडे सोपवले. पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. प्रश्न चवीचा असो, वासाचा असो किंवा फुटलेल्या बाटलीचा, त्याचे मूळ बहुतेक वेळा आपल्या हवेतच सापडते.

प्रश्न : परदेशातील लोक स्वयंपाकघरात बिअर करतात, असे चलचित्रांत दिसते. आपल्याकडेही काजूच्या दिवसांत भट्ट्या लागतात. मग घरी पिण्यापुरती बिअर करायला गोव्यात काही अडचण आहे का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : अडचण आहे, आणि भांडीकुंडी विकत घेण्यापूर्वीच ती समजून घेतलेली बरी. मद्य हा विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत येतो, त्यामुळे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असतो. गोव्यात १९६४ चा अबकारी शुल्क कायदा लागू आहे आणि त्यानुसार मद्य तयार करण्यासाठी परवाना लागतो. आपण ज्या भट्ट्यांचा उल्लेख केला आहे, त्याही परवाना घेऊनच लागतात. आपण पाहिलेली चलचित्रे बहुधा ब्रिटन किंवा अमेरिकेतील असावीत. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट १९६३ साली काढून टाकण्यात आली, आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करण्याला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. तेथील मोकळीक येथे गृहीत धरता येत नाही. आपल्या तालुक्याच्या अबकारी कार्यालयात लेखी अर्ज करून विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे. हा नियम पुढील सर्व उत्तरांना लागू आहे, असे समजून ती वाचावीत. गोव्यात मद्यपानासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, हे घरातील तरुण मंडळींच्या उत्साहापुढे कधी कधी विसरले जाते. सावंतवाडीच्या पाहुण्यांच्या हाती बाटल्या देण्यापूर्वीही विचार करावा, कारण पत्रादेवीचा नाका ओलांडला की महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होतो.

प्रश्न : नोकरीनिमित्त सहा वर्षे मी इंग्लंडमध्ये स्विंडनला होतो. तेथे घरी केलेली पेल एल ही फिकट रंगाची बिअर उत्तम होत असे. परत आल्यावर त्याच कृतीने, त्याच यीस्टने केलेल्या २० लिटर बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि नखांच्या रंगाचा वास आला. एक पेला घेतला तरी डोके दुखते. ओला कपडा गुंडाळून पिंप थंड ठेवण्याचा प्रयत्न केला होता. कोठे चुकले? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : पहिले उत्तर आपणही वाचावे, ही विनंती. आता चुकीविषयी सांगायचे, तर आपली कृती चुकलेली नाही. ती ज्या हवेसाठी लिहिली होती, ती हवा बदलली आहे.

एल या प्रकारच्या बिअरसाठी वापरले जाणारे नेहमीचे यीस्ट १८ ते २२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान चांगले काम करते. लागर या दुसऱ्या प्रकारच्या बिअरच्या यीस्टला त्याहूनही थंड, साधारण १० अंशांच्या आसपासचे तापमान लागते, म्हणून लागरचा नाद येथे शीतकपाटाशिवाय धरूच नये. स्विंडनच्या घरात १८ ते २० अंश बहुतेक वर्षभर आपोआप मिळतात. म्हापशात मे महिन्यात खोलीचे तापमान ३० अंशांच्या पुढे असते. शिवाय साखरेचे मद्य करताना यीस्ट स्वतः उष्णता निर्माण करते, त्यामुळे पिंपाच्या आत खोलीपेक्षा तीन ते पाच अंश जास्त असतात. म्हणजे २० अंशांची सवय असलेले यीस्ट आपण ३४ अंशांत कामाला लावले. अशा वेळी ते घाईघाईने वाढते आणि एस्टर नावाची संयुगे प्रमाणाबाहेर तयार करते. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा असतो आणि नखरंगासारखा वास इथाइल ॲसिटेटचा. त्याच घाईत फ्यूजेल म्हणजे जड मद्यार्केही तयार होतात. घशाला लागणारी जळजळ त्यांची असते, आणि त्या डोकेदुखीचा दोषही बिअर करणारे बहुधा त्यांनाच देतात. हे वास नंतर कितीही दिवस ठेवून पुरते जात नाहीत. पहिल्या तीन दिवसांत जे बिघडते, ते बिघडलेलेच राहते. म्हणून सगळी काळजी त्या तीन दिवसांची घ्यायची.

ओल्या कपड्याची युक्ती नाशिक किंवा सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालते, कारण तेथे कपड्यातील पाणी झपाट्याने उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. आपल्याकडे हवाच पाण्याने भरलेली असते. आषाढात दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत, त्याच कारणाने पिंपावरचा कपडाही थंडावा देत नाही. पावसाळ्यात या युक्तीने फार तर एक-दोन अंश उतरतात. गोव्यात राहणाऱ्याने बाष्पीभवनावर विसंबूच नये.

त्याऐवजी बर्फाचा हिशेब करावा. २० लिटर वर्टचे, म्हणजे बिअर होण्यापूर्वीच्या गोड धान्यरसाचे, पिंप मोठ्या टबात ठेवून भोवती २० लिटर पाणी भरले, तर एकूण सुमारे ४० लिटर द्रव थंड करायचा असतो. एक किलो बर्फ वितळताना तेवढ्या द्रवाचे तापमान जवळजवळ दोन अंशांनी उतरवतो. शीतपेयाच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी गोठवून ठेवावे आणि सकाळी दोन, संध्याकाळी दोन अशा टबात सोडाव्यात. तापमापी टबात न ठेवता पिंपाच्या भिंतीला चिकटवावी आणि तिच्यावर थर्माकोलचा तुकडा बांधावा, म्हणजे आतील खरे तापमान कळते. हे कष्टाचे काम आहे, पण पहिले तीन-चार दिवसच नेटाने करावे लागते. जुने चालू शीतकपाट आणि त्याला जोडण्याचा तापमान-नियंत्रक मिळाला, तर हे कष्टही वाचतात. माझ्या मते बिअरच्या छंदात पहिला मोठा खर्च करायचा, तो याच वस्तूवर करावा. चकचकीत भांडी नंतर घेता येतात.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो : हवेला साजेसे यीस्ट निवडणे. नॉर्वेच्या पश्चिम भागातील शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले क्वाइक नावाचे यीस्ट ३० ते ४० अंशांतही स्वच्छ चवीची बिअर देते. थंड देशातील यीस्टला उकाडा मानवावा, हे प्रथम ऐकताना खरे वाटत नाही. पण ते शेतकरी वर्ट पुरते निवू न देता कोमट असतानाच यीस्ट घालत आणि उरलेले यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून पुढच्या खेपेसाठी ठेवत. त्या सवयीतूनच हा गुण टिकून राहिला. त्यातील व्हॉस हा प्रकार कोरड्या पाकिटात मिळतो आणि बिअरला संत्र्याच्या सालीसारखा हलका गंध देतो. ३५ अंशांवर त्याचे काम तीन-चार दिवसांत आटोपते. बेल्जियमच्या वालोनिया भागातील सेझों हा प्रकारही उबदार तापमानाला मानवतो. मात्र त्याची काही यीस्ट फार चिवट असतात आणि इतर यीस्टना न पचणारी साखरही हळूहळू खात राहतात, म्हणून ती बिअर बाटलीत भरण्याची घाई करू नये.

नेहमीचेच यीस्ट वापरायचे असेल, तर डिसेंबर-जानेवारी हे आपले महिने. तेव्हा पहाटे पारा २० अंशांच्या आसपास उतरतो आणि बर्फाच्या दोन बाटल्यांत काम भागते.

प्रश्न : माझा मुलगा मित्रांबरोबर बिअर करण्याच्या गोष्टी करीत असतो. विषारी दारूने माणसे दगावल्याच्या बातम्या वाचल्यापासून मला झोप लागत नाही. घरी केलेल्या बिअरमध्ये तसले विष होऊ शकते का? (एक आई, साखळी)

उत्तर : ताई, आपली काळजी योग्य आहे, पण ज्याची भीती वाटते ते आणि मुलगा जे बोलतो ते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या बातम्यांतील विष म्हणजे मिथेनॉल. अशा दुर्घटनांत ते बहुतेक वेळा उद्योगासाठीच्या रसायनातून दारूत मिसळलेले असते. आंबवण्याच्या क्रियेत मिथेनॉल तयार होते ते मुख्यतः फळांतील पेक्टिनपासून. बिअर धान्याची असते आणि धान्यात पेक्टिन अगदी कमी, म्हणून बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असते. शिवाय बिअर गाळली जात नाही, म्हणजे तिची वाफ करून अर्क काढला जात नाही. पाच टक्के मद्यार्क, हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा आणि आम्लता यांमुळे माणसाला आजारी पाडणारे जंतूही तयार बिअरमध्ये सहसा तग धरत नाहीत. बिघडलेली बिअर आंबट लागते, घाण वास मारते, पण ती विष नसते.

मात्र मुलाला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. कुकरला नळी जोडून कशाचाही अर्क काढण्याचा प्रयोग त्याने कधीही करू नये. तो बेकायदा तर आहेच, पण मद्यार्काची वाफ गॅसच्या ज्योतीजवळ आली की भडका उडतो. दुसरी गोष्ट म्हणजे उकळत्या वर्टचे भांडे. २० लिटर चिकट, गोड, उकळता द्रव एकट्याने उचलताना अंगावर सांडला, तर तो त्वचेला धरून राहतो आणि खोलवर भाजतो. बिअर करणाऱ्याला खरा धोका मला तेथे दिसतो. विष होईल का, हे सगळे विचारतात. भांडे कोण उचलणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

प्रश्न : वाण्याकडे मिळणारे सातू भिजवून घरीच माल्ट करता येईल का? (एक गृहिणी, सांगे)

उत्तर : आपण नाचणीचे सत्त्व करीत असाल, तर निम्मे काम आपल्याला येतेच. धान्य भिजवणे, मोड आणणे, वाळवणे, हेच माल्ट. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) तयार होते आणि ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवल्यावर तेच पिठुळ भागाची साखर करते. पण दुकानातील पॉलिश केलेले, पांढरे सातू उगवत नाहीत. साल असलेले, पेरणीयोग्य धान्य हवे. वाळवताना सुरुवातीला ५० अंशांच्या वर उष्णता गेली, तर अमायलेज नष्ट होते. उन्हात वाळवायचे तर दमट हवेत बुरशी धरते, म्हणून थंडीतील कोरडे दिवस सोडून याच्या वाटेस जाऊ नये. विकतचे माल्टही पावसाळ्यात मऊ पडते आणि त्यात टोके म्हणजे किडे होतात. ते स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि हॉप्स बर्फाच्या कप्प्यात.

प्रश्न : पूर्वी आमच्याकडे पाव आणि सान्ना माडाच्या सुराने, म्हणजे माडीने, फुगवत. सूर काढणाऱ्या रेंदेराकडून ताजा सूर आणून यीस्टऐवजी बिअरला वापरला तर? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. सुरात यीस्ट असते हे खरे, पण ते एकटे नसते. माडावरून उतरतानाच त्यात लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ल करणारे जिवाणू असतात, म्हणूनच सकाळचा गोड सूर संध्याकाळी आंबट लागतो. पिठात हे चालते, कारण सान्ना काही तासांत वाफेवर जाते आणि सगळे जिवाणू तेथेच संपतात. बिअर मात्र आठवडे उभी राहते. शिवाय सुरातील यीस्टला उसासारख्या साखरेची सवय असते, तर वर्टमध्ये निम्मी साखर माल्टोज असते आणि ती खाणे प्रत्येक रानटी यीस्टला जमत नाही. परिणामी बिअर अर्धवट आंबते, गोडसर राहते आणि वर आंबट होते.

तरीही हा मार्ग बंद आहे, असे मी म्हणणार नाही. ब्रुसेल्सच्या परिसरात लांबिक नावाची बिअर हवेतील रानटी यीस्टवरच आंबवली जाते. पण ती मंडळी वर्ट फक्त थंडीच्या महिन्यांत उघड्यावर निववतात आणि बिअर लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षे ठेवतात. आपण एक लिटर वर्टवर, निर्जंतुक बरणीत, पहाटेच्या पहिल्या सुराचे दोन चमचे घालून पाहावे. हॉप्स थोडे अधिक घालावेत, म्हणजे लॅक्टिक जिवाणू आवरले जातात. ॲसेटिक जिवाणूंना हॉप्सचे भय नसते, त्यांना हवा लागते. म्हणून बरणी गळ्यापर्यंत भरून एअरलॉक, म्हणजे आतील वायू बाहेर सोडणारे पण बाहेरची हवा आत न घेणारे झाकण, लावावा. वास आवडला, तर तळाचा साका पुढील लिटरला वापरावा. तीन-चार खेपांत माल्टोज पचवणारे यीस्टच पुढे येते. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी याहून वेगळे काही केले नव्हते. आपल्या माडांमध्येही असे एखादे यीस्ट दडलेले असेल, तर ते पेडण्यातच कोणाला तरी सापडावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

प्रश्न : बाटली उघडताच अर्धी बिअर फेसाबरोबर बाहेर येते. एक बाटली तर कपाटात फुटली. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : उरलेल्या बाटल्या आजच, जाड हातमोजे आणि चष्मा घालून, शीतकपाटात ठेवाव्यात. फुटणारी काच डोळ्यात जाते. थंड झाल्यावर एकेक हळूच उघडून वायू सोडून द्यावा.

कारण बहुधा असे, की एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले, असे आपण धरले. बुडबुडे हे प्रमाण नव्हे. हायड्रोमीटरचे, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचे, वाचन तीन दिवस एकसारखे आले, तरच बाटल्या भराव्यात. सुरुवातीला १.०४८ आणि शेवटी १.०१० असे वाचन असेल, तर फरकाला १३१ ने गुणून मद्यार्क साधारण पाच टक्के निघतो. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात. आपल्याकडील ३० अंशांच्या द्रवात ते शेवटच्या अंकात दोन-तीनने कमी दाखवतात, आणि येथील पुष्कळ जण त्यानेच फसतात. बाटलीत वायू तयार होण्यासाठी लिटरला सहा ते सात ग्रॅम साखर पुरते, म्हणजे ६५० मिलिलिटरच्या बाटलीला चार ग्रॅम. ती चमच्याने न मोजता काट्यावर मोजावी. बाटल्या बिअरच्याच, जाड काचेच्या आणि तपकिरी असाव्यात. उजेडाने हॉप्समधील कडू घटक बिघडून उग्र वास येतो आणि तपकिरी काच तो उजेड अडवते.

प्रश्न : पणजीत आता कितीतरी प्रकारच्या बिअर मिळतात. नावे वाचून गोंधळ होतो. चव घ्यायची कशी, आणि आपल्या जेवणाबरोबर काय घ्यावे? तिरफळ घातलेली बिअर ऐकली आहे, ती खरेच होते का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : पहिली सूचना : बिअर फार थंड मागू नये. उकाड्यात थंडगार पेय हवेसे वाटते हे मलाही मान्य आहे, पण बर्फाच्या कप्प्यात ठेवलेल्या पेल्यात हॉप्सचा गंध दबून जातो आणि जीभ बधिर होते. लागर पाच-सहा अंशांवर ठीक, एल दहाच्या आसपास. शीतकपाटातून काढून दहा मिनिटे ठेवावी, मग दोन बोटे फेस येईल अशी ओतावी, कारण गंध फेसातूनच वर येतो. पेल्याला तेलाचा किंवा साबणाचा अंश असला, तर फेस लगेच बसतो.

दुसरी सूचना : डब्यावरची तारीख पाहावी. सांगोल्डा आणि लाटंबार्से येथे बिअर होत असल्यामुळे आपल्याला ताजा माल मिळू शकतो, हे गोव्याचे भाग्य आहे. पण तोच डबा उघड्या फळीवर मे महिना काढून आला असेल, तर इंडिया पेल एल या कडवट, हॉप्सचा भर असलेल्या बिअरचा गंध गेलेला असतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव उरते. शीतकपाटात ठेवणाऱ्या दुकानातूनच घ्यावी.

जेवणाविषयी माझे मत अनेकांना पटत नाही. तिखट हुमणाबरोबर (माशांच्या आमटीबरोबर) इंडिया पेल एल घ्यावी, असे सुचवले जाते; मला ते चुकीचे वाटते. कडवटपणा आणि जास्तीचा मद्यार्क मिरचीची आग वाढवतात. हुमणाबरोबर गव्हाची, कमी कडू बिअर घ्यावी. इंडिया पेल एल रवा लावून तळलेल्या इसवणाबरोबर (सुरमईबरोबर) शोभते, कारण तिचा कडवटपणा तेलकटपणा कापतो. भाजलेल्या खोबऱ्याच्या शागोतीबरोबर भाजलेल्या माल्टची गडद बिअर घेऊन पाहावी. दोन्हींतील भाजकेपणा एकमेकांना ओळखतो.

तिरफळाची बिअर होते, आणि चांगली होते. बेल्जियमच्या पांढऱ्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात, त्या जागी तिरफळ बसते. बांगड्याच्या हुमणासाठी काढतो तसेच काळे बी काढून टाकावे, फक्त साल ठेचावी आणि उकळ संपायला पाच मिनिटे असताना टाकावी. २० लिटरला दहा ग्रॅमपासून सुरुवात करावी. अधिक पडले, तर जिभेला मुंग्या येतात आणि बाकी काही कळत नाही.